पडद्यामागची चौकट

थोरल्या सिस्टरांनी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तो एका रिकाम्या खोलीचं दार ठोठावत होता. नऊ नंबरच्या खोलीत अजून कोणी राहायला आलेलं नव्हतं. हे त्याला माहीत होतं, किल्लीही त्याच्याच हातात होती. तरी त्याने बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि दुसरी टकटक विरायच्या आत दार ढकलून आत शिरला. सिस्टरांना हसू आलं. वृद्धाश्रमात इतकी वर्षं काढल्यावर माणसं दार कशी वाजवतात यावरून त्यांना बरंच कळायचं. न ठोठावता घुसणारे असतात, ठोठावून ताटकळणारे असतात. हा ठोठावणारा होता, पण उत्तराची वाट बघणारा नव्हता.

तो बिछान्याजवळच्या घंट्या बसवायला आला होता, म्हणून त्याचं नाव घंटीवाला पडलं. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. घंट्यांचा प्रोग्रामही त्याचाच होता, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. प्रत्येक पलंगाच्या उशाशी वायरला लटकलेलं एक बटण. ते दाबलं की बटणातच निळा दिवा लागायचा आणि सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर त्या खोलीचा नंबर उमटायचा.

"निळा दिवा लागला की समजायचं, हाक पोचली," तो प्रत्येक खोलीत जाऊन सांगत होता. "मग निवांत पडून राहायचं. कोणीतरी येतंच."

माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. "कशा आहात सिस्टर?" असं विचारायचा आणि सिस्टर गुडघ्याचं सांगायला सुरुवात करीपर्यंत जिन्यावर पोचलेला असायचा. त्याची आत्या याला हसायची. "माझा भाचा गुणाचा आहे हो," ती म्हणायची, "फक्त प्रश्न विचारून गावाला जातो."

ही आत्या दहा नंबरमध्ये राहायची. भावाच्या या पोराला तिनेच वाढवलं होतं. जन्मभर तिने पुरुषांचे कोट शिवले. बोटं अजून तशीच नेटकी होती, आणि नखांच्या बाबतीत ती भलतीच काटेकोर होती. नख जरा वाढलं की कापडाचा धागा ओढला जातो, असं तिचं म्हणणं. आता मांडीवर कापड नव्हतं, पण सवय होती. आश्रमातल्या कोणाचंही नखं कापणं तिला पसंत पडायचं नाही. "ही काय कात्री धरायची रीत? झुडूप छाटताय का माझं?" भाच्याने तिला इथे आणलं ते याच घंट्यांच्या भरवशावर. तो दुसऱ्या गावी नोकरी करायचा आणि महिन्यातून एकदा यायचा. आत्याच्या उशाशी आपण केलेलं बटण आहे, या विचाराने त्याला शांत झोप लागायची.

नऊ नंबरमध्ये पुढे एक आजी आल्या. दिवसभर विणत बसायच्या, म्हणून लोकरवाल्या आजी. आवाज इतका बारीक की शेजारी बसल्याशिवाय शब्द कळू नये. दोन्ही खोल्यांची दारं समोरासमोर होती. दारं उघडी ठेवून त्या दोघी तासन्तास एकमेकींकडे बघत बसायच्या. बोलायच्या थोडं. एकीचं विणकाम, दुसरीची त्यावरची टीका.

मग आत्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

"सिस्टर, समोरची घंटी दाबते. कोणी येत नाही."

सिस्टर टेबलावरचा पडदा बघून यायच्या. तिथे काही नसायचं. "दिवा लागला होता का?"

"लागला होता. निळाशार."

"मग हाक आली असती, आत्या. पडद्यावर काही नाही."

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

हे पुन्हा पुन्हा झालं. लोकरवाल्या आजींना विचारावं तर त्या ओशाळून हसायच्या. "दाबलं असेल मी. राहू दे. काही फार नव्हतं." सिस्टरांनी शेवटी घंटीवाल्याला फोन लावून आत्याच्या हातात दिला. पलीकडचं बोलणं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"आत्या, दिवा लागला ना? मग पोचली हाक. प्रोग्राम खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

"तसं नाही गं. तुझ्या डोळ्यांचं एकदा बघायला हवं, एवढंच. जेवतेस ना नीट?" आणि फोन बंद. आत्याने तो सिस्टरांकडे परत दिला. "बघा. गेला गावाला."

एका सकाळी लोकरवाल्या आजी बिछान्यात गेलेल्या सापडल्या. वय झालं होतं, हृदय थकलं होतं. डॉक्टरांनाही त्यात नवल वाटलं नाही. खोली धुतली, गादी गुंडाळली, कुलूप लावलं. पण आत्याचं काही थांबेना. समोरून कोणीही गेलं की ती हटकायची, "तिच्या हाकांचं काय झालं?" चहा घेऊन गेलेल्या मावशींना विचारायची, डॉक्टरांना विचारायची. बंद दाराकडे तोंड करून बसायची. मावशींनी तर नऊ नंबरसमोरची फरशी पुसायचंच सोडलं. "मला नाही बाई जमणार. म्हातारीला आतलं काहीतरी ऐकू येतं."

डॉक्टर म्हणाले, भास होत आहेत. व्यवस्थापक साहेबांनी ठरवलं, मागच्या इमारतीत हलवायचं.

मागच्या इमारतीची दारं बाहेरून बंद व्हायची. तिथे ज्यांना स्वतःचं भान उरलेलं नाही अशी माणसं होती, आणि तिथल्या पलंगांना बटणं नव्हती. एकदा तिकडे गेलेलं माणूस परत इकडे आल्याचं सिस्टरांना आठवत नव्हतं. साहेबांनी भाच्याला फोनवर विचारलं. तो "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणाला. सोमवारी हलवायचं ठरलं. सिस्टरांनी आत्याला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "तो स्वतः हो म्हणाला?"

"हो."

"मग झालंच."

रविवारची दुपार होती. आश्रमातली दुपार रात्रीपेक्षा शांत असते. रात्री निदान कोणी खोकतं, कण्हतं. दुपारी जेवणं झाली की सगळी इमारत एका श्वासाने झोपते आणि कॉरिडॉरमध्ये पांढरं ऊन नुसतं पडून राहतं. सिस्टर टेबलाशी बसून कीबोर्ड फडक्याने पुसत होत्या. पुसता पुसता कुठली तरी कळ दाबली गेली आणि खोल्यांच्या नंबरांचा तो मोठा पडदा, जो घंट्या बसवल्यापासून तिथून कधी हललाच नव्हता, आक्रसून कोपऱ्यात गेला.

मागे एक चौकट होती.

लहानशी, करडी, पडद्याच्या मधोमध. बऱ्याच वेळापासून कोणाची तरी वाट बघत बसल्यासारखी. त्यात एवढंच लिहिलेलं होतं: "खोली ९. हाक पोचवता आली नाही." खाली एकच बटण: "ठीक".

सिस्टरांनी चष्मा पुसला. तेच होतं. नऊ. त्यांनी किल्ली घेतली आणि निघाल्या. चादरींच्या लोखंडी कपाटाला वळसा घालून कॉरिडॉरच्या टोकाला गेल्या, कुलूप काढलं. गुंडाळलेली गादी, उघडा पलंग, वायरला लटकलेलं बटण. दिवा विझलेला. बटणावर धुळीचा थर होता आणि त्या थरावर बोटाची खूण नव्हती. खोलीत लोकरीचा मंद वास मात्र अजून होता.

परत येऊन त्यांनी "ठीक" दाबलं. चौकट गेली.

आणि त्याच जागी, पापणी लवायच्या आत, दुसरी आली. "खोली ९. हाक पोचवता आली नाही."

पुन्हा दाबलं. पुन्हा आली. त्यांनी बोट उचललं की पडदा क्षणभर कोरा व्हायचा आणि मग तेच शब्द. एखाद्याने "काय म्हणालात?" विचारावं आणि पलीकडच्याने न कंटाळता तेच वाक्य परत म्हणावं, तसं. सिस्टरांनी मृत्यू पुष्कळ पाहिले होते, त्याची भीती त्यांना उरली नव्हती. पण हे उत्तर देत होतं. त्यांनी आणखी एकदा दाबलं, आणि या वेळी चौकटीतला आकडा बदलला. "खोली १०."

त्या उठून जवळजवळ धावतच दहामध्ये गेल्या. आत्या खुर्चीत बसली होती, दाराकडे तोंड करून, दोन्ही हात मांडीवर. बटण पलंगाच्या मागे पडलेलं.

"आत्या, घंटी दाबलीत?"

"दाबणं सोडलं मी. ती गेली त्या दिवसापासून." आत्याने त्यांचा चेहरा निरखला. "काय झालं? पांढऱ्या का पडलात?"

सिस्टरांनी घंटीवाल्याला फोन केला. घडलं ते सांगितलं. फोन कट झाला असं त्यांना वाटलं, पण तो होता.

"सिस्टर," तो हळू म्हणाला, "त्या चौकटीला आता हात लावू नका. कॉम्प्युटर बंद करू नका. निघालो मी."

ऊन उतरायच्या आत तो आला. साहेबही आले होते, मावशी लांबून बघत होत्या. घंटीवाला खुर्चीत बसला आणि त्या चौकटीकडे नुसता बघत राहिला. मग उठून कॉरिडॉरभर फिरला, घंट्यांचे निरोप झेलणाऱ्या भिंतीवरच्या वायरलेसच्या डब्यापाशी थबकला. चादरींचं कपाट बरोबर त्याच्यासमोर होतं.

"हे इथे कधी आलं?"

"मीच सरकवलं," सिस्टर म्हणाल्या. "पावलापावलाला आडवं यायचं. घंट्या बसवल्यावर थोड्याच दिवसांनी."

"लोखंडी आहे. पलीकडच्या दोन खोल्यांचे निरोप कधी पोचत असतील, कधी नसतील."

"पण दिवा लागायचा!"

तो परत येऊन बसला. समजावून सांगायची त्याला सवय नव्हती. शब्द एकेक करून शोधावे लागत होते. "बटण दाबलं की प्रोग्राम एक निरोप्या धाडतो, असं धरा. तो पोचेपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवलं तर बाकीची बटणं अडकतात. म्हणून त्याला धाडायचं आणि आपण पुढच्या कामाला लागायचं. मी तेच केलं. धाडला की लगेच दिवा."

"पोचायच्या आधीच?"

"हो."

"आणि तो वाटेत पडला तर?"

"पडल्याची बातमी त्याच्याजवळच राहते. नंतर कोणी विचारलं तर तो सांगतो." त्याने घसा साफ केला. "मी विचारलंच नाही कधी."

सिस्टरांना ते रिकाम्या खोलीचं दार आठवलं.

"मग ह्या चौकटी कुठल्या?" साहेबांनी विचारलं.

"प्रोग्रामच्या मागे एक झाडणारा असतो. निकामी झालेलं सगळं गोळा करून टाकतो. टाकण्याआधी एखाद्या निरोप्याजवळ न सांगितलेली चूक सापडली, तर तो शेवटचं एकदा ओरडतो. तो ओरडला की चौकट दाखवायची, असं मी लिहून ठेवलं होतं. वाटलं, झाली सोय. पण ती चौकट मोठ्या पडद्याच्या मागे उघडली, आणि कोणी 'ठीक' म्हणेपर्यंत झाडणारा जागचा हलत नाही. पहिल्याच हाकेपाशी तो उभा राहिला. तेव्हापासून उभाच आहे. बाकीच्या सगळ्या त्याच्यामागे रांगेत."

मावशींनी पदर तोंडावर घेतला.

"म्हणजे भूतबीत नाही ना," साहेब म्हणाले. "मग बंद करून चालू करा. उद्या घरची माणसं भेटायला यायची आहेत, त्यांना हे असलं दिसायला नको."

"बंद केलं तर पुसल्या जातील."

"काय?"

"हाका. ज्या मागे थांबल्यात त्या सगळ्या. कोणी ऐकायच्या आत."

"अहो, पण बाई गेल्या ना! आता ऐकून काय करणार?"

घंटीवाल्याने वर बघितलं. तो भांडणारा नव्हता. पण या वेळी तो खुर्चीतून उठला नाही. "माझी आत्या हेच विचारत होती, साहेब. तिच्या हाकांचं काय झालं म्हणून. तिला उद्या तुम्ही मागे नेणार होता. मी हो म्हटलं होतं. आधी ऐकू या. मग बंद करतो."

सिस्टर जाऊन आत्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आल्या. टेबलाशी तिला बसवलं. भाच्याकडे तिने पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं. "वाचून दाखवा," ती सिस्टरांना म्हणाली. "माझ्या डोळ्यांचं बघायला हवंय ना एकदा."

त्याने मान खाली घातली आणि बटण दाबलं.

"खोली नऊ," सिस्टरांनी वाचलं.

"हं," आत्या म्हणाली.

"खोली नऊ."

"हं."

"खोली नऊ. खोली नऊ. खोली दहा."

"ही मी. तिच्यासाठीच दाबलेली. पुढे."

चौकटीत वेळ लिहिलेली नव्हती. ती लिहायची त्याला सुचलंच नव्हतं. त्यामुळे कुठली हाक पाण्यासाठी, कुठली उशी घसरली म्हणून, आणि कुठली आणखी कशासाठी, हे कळायला मार्ग नव्हता. सगळ्या सारख्याच. शेवटी साहेबही स्टूल ओढून बसले. "काही फार नव्हतं" म्हणणारी ती बाई एवढ्या वेळा हाक मारत होती, आणि प्रत्येक वेळी तिला निळा दिवा दिसत होता, आणि ती निवांत पडून राहत होती, सांगितलं होतं तशी. मध्येच सिस्टर पाणी प्यायल्या आणि पुन्हा वाचायला लागल्या. प्रत्येक नंबरानंतर आत्या "हं" म्हणायची. ते "हं" पडद्याला नव्हतं.

मग एकदा "ठीक" दाबल्यावर पडदा कोराच राहिला.

सगळ्यांनी श्वास सोडला. घंटीवाला म्हणाला, "संपलं."

"नाही संपलं," आत्या म्हणाली.

"आत्या, रांग संपली. आता काही नाही मागे."

"एक राहिली आहे."

तो तिला समजावणार होता. तोंडही उघडलं होतं त्याने. पण मिटलं, आणि तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. सिस्टरांनी त्याला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाहेरचं ऊन भिंतीवर आणखी वर सरकलं. मावशींनी कुजबुजत विचारलं, "काय करताय तुम्ही?"

आणि चौकट आली.

"खोली १०. हाक पोचवता आली नाही."

मावशी भिंतीला टेकल्या. "झाडणारा परत फिरला असेल," घंटीवाला म्हणाला, स्वतःलाच. "मोकळा झाल्यावर पुन्हा एक फेरी..."

"ती गेली त्या सकाळची आहे ही," आत्या म्हणाली. "तिचा श्वास मला माझ्या खोलीत ऐकू यायचा. तो थांबला. मी दाबली. दिवा लागला. माझी चाकाची खुर्ची लांब होती, आणि पायांनी चालवत नाही. मी त्या दिव्याकडे बघत बसले."

"चौकटी कुठल्या क्रमाने येतात ते सांगता येत नाही, आत्या. ही कधीचीही असू शकेल."

"तुला नसेल सांगता येत." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "दाब."

त्याचं बोट बटणावर होतं, पण ते खाली जाईना. "ठीक" हा शब्द त्याने स्वतःच कधीतरी टाईप केला होता. शेवटी आत्यानेच त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. त्यानंतर पडदा कोरा राहिला. अंधार पडेपर्यंत ती सगळी तिथे बसली, पण आणखी काही आलं नाही.

सोमवारी आत्याला कोणी हलवलं नाही. साहेबांनी डॉक्टरांना फोन करून तेवढं सांगितलं, कारण सांगितलं नाही. कपाट सिस्टरांनी स्वतः ढकलत नेलं, कोणाला हात लावू दिला नाही. घंटीवाला आठवडाभर तिथेच राहिला, कॉरिडॉरमध्ये खाली बसून प्रोग्राम पुन्हा लिहीत. आता बटण दाबलं की दिवा पिवळा लागतो. निरोप्या पोचून परत येईपर्यंत प्रोग्राम त्याच्यापुरता थांबतो, बाकीची बटणं चालूच राहतात. परत आला की निळा. वाटेत पडला तर लाल, आणि बटण वाजायला लागतं, म्हणजे पलंगावरच्या माणसाला कळतं की आता ओरडायला हवं. टेबलावरची चौकट सगळ्यांच्या पुढे उघडते. तीत खोली असते, वेळ असते, आणि बटणावर "ठीक" नसतं, "निघाले" असतं.

नऊ नंबरमध्ये आता एक आजोबा आलेत. त्यांना या प्रकरणातलं काही माहीत नाही. ते एकदाच म्हणाले की दुपारी कधी कधी बटणात क्षणभर पिवळं लुकलुकतं, हात लावलेला नसताना. घंटीवाल्याने दोनदा वायर बदलली. दोष सापडला नाही. सिस्टर काय करतात, तर लुकलुकलं असं कळलं की जाऊन बघून येतात.

तो नोकरी बदलून याच गावात राहायला आला आहे. फोनवर समोरच्याने ठेवल्याशिवाय ठेवत नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलायला लोक थोडे कंटाळतात. दहा नंबरचं दार ठोठावून तो बाहेर उभा राहतो. आत्या मुद्दाम वेळ लावते, मग म्हणते, "ये." दर गुरुवारी तो तिची नखं कापतो.